नकाशा जुळला, पण मोजणी जुळली का?

जागेचा व्यवहार ठरला की मोजणीदाराकडून नकाशा येतो. जाड कागद, बारीक रेषा आणि कोपऱ्यात दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेले क्षेत्रफळ. गल्ल्यात दहा रुपये कमी निघाले तर रात्री दुकानाला कुलूप न लावणारे आपण व्यापारी, हा कागद मात्र न तपासता खिशात घालतो.

ओळखीच्या एका लाकूड व्यापाऱ्यांनी वखारीसाठी बिनशेती जागेतला एक तुकडा घ्यायचे ठरवले, तेव्हा आम्हीही त्यांच्यासोबत गेलो होतो. दर गुंठ्यावर ठरलेला. विकणाऱ्याच्या नकाशावर २७.३७ गुंठे लिहिलेले. आम्ही मोजणीदाराला विचारले, "क्लोजिंग एरर किती आली?" तो तरुण हसून म्हणाला, "चाचा, संगणकाने सगळे जुळवून दिले आहे. एरर शून्य." आमचे कान तिथेच टवकारले.

हे 'जुळवणे' म्हणजे काय, ते आधी पाहू. जागेच्या प्रत्येक कोपऱ्यावर टोटल स्टेशन यंत्र लावून बाजूंची लांबी आणि त्यांमधले कोन मोजत जायचे आणि फिरून पहिल्याच खुंटावर यायचे, याला बंद ट्रॅव्हर्स म्हणतात. सॉफ्टवेअर आधी कोनांची बेरीज पाहते. चार कोपऱ्यांची ३६० अंश, पाचांची ५४०, सहांची ७२०. थोडा फरक निघाला तर तो सर्व कोनांत सारखा वाटून टाकते. मग प्रत्येक बाजूमागे आपण उत्तर-दक्षिण किती सरकलो आणि पूर्व-पश्चिम किती, हे काढते. पुढचा हिशेब रोजमेळासारखाच आहे. जेवढे उत्तरेला गेलो तेवढेच दक्षिणेला परत आले पाहिजे, पूर्व-पश्चिमेचेही तसेच. शिल्लक शून्य राहायला हवी. प्रत्यक्ष मोजणीत ती सहसा राहत नाही. जी शिल्लक उरते ती क्लोजिंग एरर.

ही शिल्लक बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकण्याची रीत बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. तिला बाउडिच नियम म्हणतात. नॅथॅनियल बाउडिच हा अमेरिकेतल्या सेलम बंदराचा. वडील लाकडी पिंपे बनवणारे कारागीर. दहाव्या वर्षी शाळा सोडून पोरगा त्यांच्याच कारखान्यात लागला आणि बाराव्या वर्षी जहाजी सामानाच्या दुकानात हिशेब शिकायला उमेदवार म्हणून राहिला. गणित तो स्वतःच शिकला. १८०८ साली त्याने मांडलेली ही वाटणी आज संगणक डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

पण ही वाटणी दोन-चार सेंटीमीटरच्या किरकोळ चुकीसाठी आहे, घोडचुकीसाठी नाही. संगणकाला दोन्हींतला फरक कळतो, तो आकडा दाखवतोही; पण बटण दाबणाऱ्याने तो वाचला नाही तर मुकाट्याने वाटणी करून मोकळा होतो.

आमच्या हट्टापायी त्या तरुणाने मूळ आकडे काढून दाखवले. जागा जराशी तिरकी होती, पण समजायला सोपे जावे म्हणून काटकोनी चौकोन धरतो. दक्षिण आणि उत्तर बाजू ६२.४० मीटर, पश्चिम ४२.६० आणि पूर्व ४६.२०. कोन बरोबर ३६०. पण उत्तरेकडे ३.६० मीटर शिल्लक! २१३.६० मीटरच्या फेरीत ही चूक म्हणजे एकोणसाठात एक. साध्या कामात पाच हजारांत एकापर्यंतची चूक अनेकजण चालवून घेतात. तिथे हे कुठे बसते?

संगणकाने हे ३.६० मीटर चारी बाजूंत वाटले, आकृती सुबक बंद झाली आणि क्षेत्रफळ आले २७६८.६७ चौरस मीटर.

अशा वेळी चूक शोधायची एक युक्ती आहे. एकाच बाजूची लांबी चुकली असेल तर शिल्लक राहिलेली रेषा त्या बाजूला समांतर पडते. इथे ती उत्तर-दक्षिण होती, म्हणजे संशय पूर्वेवर किंवा पश्चिमेवर. पूर्वेची बाजू पुन्हा मोजली, ४२.६० भरली. वहीतून संगणकात उतरवताना ४२.६० चे ४६.२० झाले होते. खरे क्षेत्रफळ २६५८.२४ चौरस मीटर, म्हणजे २६.२७ गुंठे. फरक ११० चौरस मीटरचा, एका गुंठ्याहून जास्त. वखारीच्या भावात एक गुंठा म्हणजे किती, ते ज्याने त्याने आपल्या गावच्या दराने काढावे.

तरुणाची नियत वाईट नव्हती. त्याने पडद्यावरचा अहवाल उघडलाच नव्हता, इतकेच.

मात्र क्लोजिंग एरर लहान आली म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. शिंपीकाम करणाऱ्यांना हे लगेच उमजेल. फीत ताणली गेली की छाती, कंबर, बाही सगळेच माप एका प्रमाणात चुकते. ३० मीटरचा पोलादी टेप तुटून जोडताना ३ सेंटीमीटर कमी झाला असेल तर प्रत्येक बाजू हजारात एकाने जास्त भरते, आकृती मात्र अचूक बंद होते. वरच्या जागेत असा टेप पाच चौरस मीटरहून अधिक खोटी जमीन दाखवील. म्हणून एखादी बाजू दुसऱ्या साधनाने मोजून घ्यावी. आणि जो ट्रॅव्हर्स सुरुवातीच्या खुंटावर परतच येत नाही, किंवा दुसऱ्या माहीत असलेल्या खुंटाला जोडलेला नाही, त्यात तर तपासायला शिल्लकच नसते. रस्त्याच्या किंवा पाइपलाइनच्या कामात हे नेहमी घडते.

खासगी मोजणीने हद्द कायम होत नाही, हेही सांगायला हवे. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याकडेच मोजणीचा अर्ज करावा लागतो.

दुरुस्तीनंतर चूक ३ सेंटीमीटरवर आली, म्हणजे सात हजारांत एक. आमच्या स्नेह्यांनी २६.२७ गुंठ्यांचे पैसे ठरवले, हद्द कायम मोजणीचा अर्ज दिला आणि नव्या नकाशासोबत वाटणीआधीच्या आकड्यांचा कागदही सही करून मागितला. मोजणीदार जरा नाखूश दिसला, पण त्याने तो दिला.