हक्क सुटले, तबकडी अडकली

छोटा नागपूरच्या जंगलात पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात. झाडाचा रस शोषायचा आणि अंगाभोवती राळेचं कवच करायचं, एवढाच त्यांचा उद्योग. ते कवच खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पापुद्रे केले की झाली चपडी लाख. लाकडाला पॉलिश करणाऱ्यांना ती चांगली ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच लाख जहाजात बसून युरोपात जायची. जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात तिच्यात दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळायचे, तो गरम लगदा ठशाखाली दाबायचा, आणि त्यातल्या काही तबकड्या अंगावर हिंदुस्थानी गाणं घेऊन पुन्हा मुंबई-कोलकात्याच्या धक्क्यावर उतरायच्या. लाख इथली, गाणारी इथली, विकत घेणारा इथला; नफ्याचं काम तेवढं तिकडचं. देशाची संपत्ती बाहेर वाहून जाते, या दादाभाई नौरोजींच्या सिद्धांताला याहून गोल उदाहरण सापडायचं नाही.

आज आपण जिला 78 आरपीएमची रेकॉर्ड म्हणतो ती ही. तिच्यावरचं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं बहुतेक गाणं आता कायद्याने कुणाच्याच मालकीचं उरलेलं नाही. कुणीही ऐकावं, उतरवून घ्यावं, वाटावं. पण म्हणून ते ऐकायला मिळतं का? बरंचसं मिळत नाही. हक्काची मुदत संपणं आणि गाणं मोकळं होणं या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे ते कळायचं, तर आधी ही वस्तू कशी तयार झाली ते बघायला हवं.

लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीने 1902 साली फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञाला पूर्वेकडच्या दौऱ्यावर पाठवलं. (कंपनीच्या नावात टाइपरायटर होता, कारण गाण्याचा धंदा टिकेल याची तिला तेव्हा खात्री नव्हती.) नोव्हेंबरात कोलकात्यात त्याने यंत्र मांडलं आणि 11 तारखेला गायिका गौहरजान त्याच्यासमोर बसली. या तिच्या आणि नंतरच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. त्याचं कारण असं सांगतात, की मेणाच्या पाट्या हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कामगाराला खयाल काय आणि दादरा काय सारखाच. कुठल्या ठशावर कुठलं लेबल चिकटवायचं हे कळायला गाणारीने आपणच नाव सांगितलेलं बरं. पुढे 1908 साली कंपनीने कोलकात्यात सियालदहला कारखाना काढला आणि नंतर तो दमदमला गेला. तरी नाव सांगायची सवय काही वर्षं टिकून राहिली. आज लेबल खरवडून गेलेली तबकडी हाती आली, की संग्राहक आधी तिचा शेवट ऐकतात तो यामुळेच.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून किंवा पडद्यातून पुढे आलेला एक कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदी, पडदीला जोडलेली सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड पाटी. पाटी फिरवायला वजन टांगलेलं असे. ते खाली येईल तशी पाटी फिरे. गाणाऱ्याच्या श्वासात जेवढा जोर, तेवढीच सुई हलणार. म्हणून तोंड कर्ण्यात घालून गायचं. मान वळली तर मुरकी गेली. तार सप्तकात जोरात गेलं तर सुई थडथडते, म्हणून तिथे मागे सरायचं. आणि गाणाराला भान राहिलं नाही, तर शेजारी उभा असलेला सहायक त्याला धरून मागे ओढायचा. बैठकीत हात उंचावून, लोकांकडे बघून, दाद घेत गाणाऱ्या माणसाला हे किती जाचलं असेल! चुकलं तर ती पाटी वाया, पहिल्यापासून पुन्हा.

साथीचीही तऱ्हाच. तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही. डग्ग्याचा घुमारा कर्ण्याला पकडता येत नसे, त्यामुळे तबला म्हणजे नुसती टिचकी. हार्मोनियम आणि सारंगी मात्र टोचून पुढे येतात. कर्ण्याची झेपच तेवढी. खालचे, सेकंदाला दोन-एकशे कंपनांच्या आतले स्वर आणि वरचे दोन-अडीच हजारांच्या पुढचे स्वर त्याच्या हाती फारसे लागत नसत. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण 138 कंपनांचा. म्हणजे त्याचा मूळ सा तबकडीवर धड उमटलेलाच नाही! आपल्याला तो ऐकू येतो, कारण त्याचे वरचे उपस्वर उमटलेले असतात आणि कान त्यावरून खालचा स्वर जुळवून घेतो. स्त्रिया काळी चार, काळी पाचला गात, त्यांचं बरंच काही कर्ण्यात मावे. पहिल्या दशकातल्या तबकड्यांवर बायकांचा आवाज पुरुषांपेक्षा जिवंत वाटतो, त्यामागे हे एक साधं भौतिक कारण आहे. दुसरं सामाजिक. घरंदाज म्हणवणारे उस्ताद म्हणत, यंत्रात गायलं तर आवाज जाईल, शिवाय पानाच्या ठेल्यावर आपलं गाणं वाजेल. कलावंतिणींना असला सोवळेपणा परवडणारा नव्हता. त्यांनी पैसे मोजून घेतले, गायल्या आणि इतिहासात जाऊन बसल्या. ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्यापैकी कित्येकांची आज आठवण तेवढी उरली आहे.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. विलंबित खयालाचं एक आवर्तन दुसऱ्यावर जाईस्तोवर वेळ संपायचा. म्हणून आलापीला फाटा, बंदिशीचा मुखडा सरळ उचलायचा, अस्थायी-अंतरा, चार ताना, संपलं. पुष्कळ रसिक याला गाण्याचा काढा म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. जोहराबाई आग्रेवालीच्या 1910च्या आसपासच्या तबकड्या ऐकाव्यात. भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाज, एकही जागा फुकट घालवलेली नाही आणि तीन मिनिटांत रागाचा चेहरा पुरा समोर. तासभराच्या गाण्याचा तुकडा तोडून दिल्यासारखं हे नाही. मोजक्या वेळात मावेल असा हा निराळाच गानप्रकार तिने आणि तिच्यासारख्यांनी घडवला. ती 1913 साली गेली. तबकडी नसती तर आपल्याला ती फक्त दुसऱ्यांच्या तोंडून कळली असती.

मराठी मुलखाचं नशीब याबाबतीत थोडं उशिराचं. गायकनट भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेले. गैसबर्ग आला त्याच्या पुढच्या वर्षी. ज्या आवाजाने महाराष्ट्र वेडा केला असं आजोबा-पणजोबा सांगत, तो आवाज कसा होता हे सांगणारं कुणी उरलं नाही. भास्करबुवा बखले 1922पर्यंत होते, तरी त्यांची तबकडी नाही. अल्लादिया खाँ तर 1946पर्यंत होते, पण त्यांनी यंत्रासमोर बसायचं नाकारलं. भास्करबुवांचा अंश शोधायचा तर त्यांचे शिष्य बालगंधर्व यांच्या तबकड्यांत शोधावा लागतो, अल्लादिया खाँचा त्यांच्या शिष्या केसरबाई आणि मोगूबाईंच्या. सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांनी सांभाळलेले रहिमत खाँ मात्र 1920च्या सुमारास, अगदी उतारवयात, कर्ण्यासमोर बसले. त्यांचं ते थकलेलं, तरी सुरेल गाणं हातात आहे हे आपलं भाग्य. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या दोन्ही काळांतल्या तबकड्या मिळतात. 1905च्या आसपासच्या कर्ण्यातल्या आणि 1930च्या दशकातल्या, ओडियन कंपनीने मायक्रोफोनवर केलेल्या. मधल्या काळात वीज आली होती. पहिल्या तबकड्यांत एक तडफदार तरुण घाईने गातो. दुसऱ्यांत तंबोराही ऐकू येतो आणि खाँसाहेब आवाज न चढवता, आपल्याशीच बोलल्यासारखे गातात. बदल वयाचा किती आणि मायक्रोफोनचा किती, हे सांगणं अवघड आहे.

आता वेगाचं प्रकरण. 78 हा आकडा नंतर ठरला. सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला कधी 74, कधी 80, कधी आणखी कितीतरी फेऱ्यांवर भरलेल्या असत. 74वर भरलेली तबकडी 78वर वाजवली तर ती साडेपाच टक्के जलद फिरते, म्हणजे स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकचा गवई पांढरी दोनच्या जवळ गाऊ लागतो, ताना वाजवीपेक्षा चपळ होतात आणि श्रोता म्हणतो, "काय तयारी होती हो त्या काळी!" इंटरनेटवर फिरणाऱ्या कितीतरी जुन्या गाण्यांचं असं झालेलं आहे. योग्य वेग कसा ठरवायचा? साथीला हार्मोनियम असेल तर तिची पट्टी कोणती असू शकेल याचा अंदाज घ्यायचा. त्याच गायकाच्या, त्याच दिवशी भरलेल्या दुसऱ्या तबकडीशी ताडून बघायचं. तबकडीच्या शेवटच्या, गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक बघून ती कुठल्या दौऱ्यात भरली ते शोधायचं. हे किचकट काम करायचं कुणी? ज्याला गाणं कळतं आणि यंत्रही कळतं, त्याने. अशी माणसं थोडी.

कायद्याची बाजू त्या मानाने सरळ आहे. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली त्याच्या पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षं तिच्यावर हक्क चालतो. आधी ही मुदत 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ 1941 साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क 1991 अखेर संपणार असं दिसू लागलं, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली आणि ध्वनिमुद्रिकांनाही तिचा लाभ मिळाला. पण गाण्यात हक्क एकटा नसतो. शब्दांचा वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. 'मानापमान' नाटकाचे लेखक खाडिलकर 1948 साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 साली. दोघांचेही हक्क संपले. त्या पदांची जुनी तबकडी सर्वार्थाने मोकळी. उलट गदिमांचे शब्द असलेलं 1950च्या दशकातलं एखादं भावगीत घ्या. तबकडीचा हक्क संपला, पण गदिमा 1977 साली गेले, तेव्हा शब्दांवरचा हक्क 2037 अखेरपर्यंत आहे. अमेरिकेत निराळीच गंमत. तिथे 1923पूर्वीच्या सगळ्या ध्वनिमुद्रिका 1 जानेवारी 2022 रोजी एका दमात मोकळ्या झाल्या आणि तिथून पुढची वर्षं एकेक करून सुटत आहेत.

म्हणजे बहुतेक जुन्या गाण्यांना कायदा अडवत नाही. अडते ती तबकडीच. जुन्या तबकड्या आहेत कुठे? काही विद्यापीठांत, काही आकाशवाणीकडे, आणि पुष्कळशा खासगी कपाटांत, माळ्यांवर, चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात. एखाद्या गाण्याची जगात एकच प्रत उरलेली असू शकते. तिचा हक्क सगळ्यांचा, पण ताबा एकाचा. या कोंडीतून वाट काढायचं मोठं काम मुंबईत सुरू झालं. 1990 साली इथे सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. सुरेश चांदवणकर आणि ऑस्ट्रेलियन अभ्यासक मायकेल किन्नियर हे तिच्यामागचे लोक. किन्नियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणांची तबकडीवार यादी केली. अशी यादी वाचायला रूक्ष, पण तिच्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. कुणी, कुठे, कधी गायलं हे कळलं तरच मुदत संपली की नाही हे ठरतं.

चांदवणकरांनी हाती घेतलेलं एक काम मला विशेष महत्त्वाचं वाटतं: 'यंग इंडिया' छापाच्या तबकड्यांचं. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग ही मुंबईची देशी कंपनी 1930च्या दशकाच्या मध्यात सुरू झाली आणि वीसेक वर्षांत बंद पडली. बड्या विलायती कंपनीने ज्यांना दारात उभं केलं नाही, अशा कितीतरी हौशी आणि नवख्या कलाकारांना तिने संधी दिली. कंपनी गेली, वारस म्हणून कुणी पुढे यायला उरलं नाही. तिची शेवटची तबकडीही आता हक्कमुक्त आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या संग्रहांसाठीच्या योजनेतून या छापाच्या तबकड्या आणि सूचीपत्रं डिजिटल रूपात उतरवली गेली. बंद पडलेल्या मुंबईकर कंपनीचं गाणं लंडनच्या पैशाने वाचलं, याचा आनंद मानायचा की खंत करायची, ते ज्याचं त्याने ठरवावं. इथल्या विद्यापीठांना आणि सांस्कृतिक खात्यांना हे स्वतः करायला कुणी मनाई केलेली नव्हती.

आपल्याकडे 78च्या तबकड्या 1960च्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात लाखेवर निघाली. तेव्हा तुमच्या माळ्यावर त्या असण्याचा संभव बराच आहे. असल्या, तर एवढं करा. आजोबांच्या चावीच्या फोनोवर त्या कौतुकाने वाजवू नका. तबकडीत दगडाची भुकटी घातलेली असते ती पोलादी पिन खाचेच्या मापाने झिजावी म्हणून. एका बाजूला एक नवी पिन असा तेव्हाचा रिवाज होता, आणि गंजकी जुनी पिन गाणं खरवडून काढते. एलपीची सुईही चालत नाही, ती या रुंद खाचेच्या तळाला घासते. स्पिरिटने पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि तिच्याबरोबर गाणंही. एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा, उन्हात टाकू नका. दोन्ही बाजूंच्या लेबलांचा आणि शेवटच्या कोऱ्या भागातल्या क्रमांकाचा स्वच्छ फोटो काढा आणि संग्राहकांच्या संस्थेकडे पाठवा. भंगारवाल्याला मात्र देऊ नका. तो किलोवर घेतो.