ट्रॉलीचा मागचा दिवा

रात्री चालणाऱ्या बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. त्याच्या उजेडात गाडीवानाला पुढची वाट दिसत नसे, आणि ते त्याचं कामही नव्हतं. वाट बैलांना पाठ होती. कंदील होता तो मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसवाहतुकीकडे मागे वळून पाहताना वाटतं, की हे साधं शहाणपण ट्रॅक्टर आला तेव्हा वाटेतच सुटलं.

पुढचे दिवे मात्र झपाट्याने बदलत गेले. कार्बाइडवर पाणी ठिबकवून पेटवायचे दिवे गेले, डायनामो आणि बॅटरी आली. १९७०च्या दशकात युरोपात एच-४ हॅलोजन बल्ब आला. एकाच बल्बमध्ये ६० वॉटचा अप्पर आणि ५५ वॉटचा डिपर. यथावकाश तो आपल्याकडेही घरोघरच्या गाड्यांत बसला. आता एलईडीचा झगझगाट आहे.

ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची कथा एका वायरीची आहे. ट्रॅक्टरची बॅटरी पुढे, दिवा ट्रॉलीच्या शेपटाला, मधे जोड. शेतात ट्रॉली सोडली-जोडली की ही वायर ताणली जाते, चिखलात पडते, चाकाखाली येते. मागे जोडलेल्या दुसऱ्या ट्रॉलीचा दिवा तर पहिल्या ट्रॉलीवरून आलेल्या वायरीवर अवलंबून. हंगाम ऐन भरात असताना, खेपांवर कमाई ठरत असताना, तुटलेली वायर जोडत कोण बसणार? मी यात एकट्या चालकाला दोष देत नाही. ज्याला खेपेमागे पैसे मिळतात, त्याच्यावर दुसऱ्याच्या जिवाची राखण अशी सोडून देणं हीच मूळ चूक.

हिशेब भीषण आहे. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. डिपरचा उजेड पुरतो पन्नासेक मीटर. आस मोडून अंधारात उभी असलेली ट्रॉली दिसल्यापासून हाती उरतात दोन सेकंद आणि थोडं वर. पाय ब्रेकवर जाईपर्यंत त्यातला निम्मा वेळ संपलेला असतो. अशा ट्रॉलीमागे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडायची रीत आजही आहे. ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि पुढच्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला येतात.

ट्रॉली अशी अंधारात असताना दिव्यावरून वाद रंगले ते बड्यांच्या गाड्यांवरच्या लाल दिव्याचे. कोणाला मिळावा, कोणाचा काढावा, यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला आणि १ मे २०१७पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे दिवेही उतरले. चांगलं झालं. इशारादिवा हा मान नसतो, तो धोक्याची सूचना असतो, आणि ती गरज उसाच्या ट्रॉलीला कोणत्याही मंत्र्यापेक्षा जास्त होती.

खरा फरक पडला तो वायरीविना चालणाऱ्या वस्तूमुळे, रिफ्लेक्टरमुळे. ट्रेलरच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावणं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपासून बंधनकारक आहे. रिफ्लेक्टरच्या पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा प्रिझम असतात. पडलेला उजेड ते इकडेतिकडे न उधळता आला त्याच दिशेला परत धाडतात, म्हणून मागच्या चालकाला पट्टी पेटल्यासारखी दिसते. बल्ब नाही, बॅटरी नाही. गाळप सुरू होताना आरटीओ, पोलीस आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांना, बैलगाड्यांनाही, अशा पट्ट्या लावतात. या मोहिमांना प्रसिद्धीचा सोस म्हणून कोणी नाक मुरडू नये. त्यांनी जीव वाचवले आहेत, असं मी ठामपणे मानतो.

पण पट्टी लागते रिकाम्या ट्रॉलीच्या फाळक्यावर. ऊस भरला की टोकं फाळक्याबाहेर लोंबतात आणि पट्टी झाकतात. चिखल उरलेलं काम करतो. वर आता ट्रॅक्टरच्या टपावर एलईडीचे पांढरे पट्टे आले आहेत. समोरून येणाऱ्याचे डोळे ते असे दिपवतात, की त्याला पाठची ट्रॉली दिसतच नाही. त्यात ट्रॅक्टरवर लावलेल्या गाण्यांचा आवाज इतका, की मागच्याचा हॉर्न चालकाच्या कानी पोचत नाही.

प्रत्येक ट्रॉली कारखान्यात वजनकाट्यावर येतेच, भरलेली आणि रिकामी अशी दोनदा. तिथे माणूस असतो, नोंद असते, पावती निघते. रिकाम्या ट्रॉलीचं वजन घेताना एका फडक्याने पट्टी पुसायची, निघालेली असेल तर नवी चिकटवायची. ऊस भरल्यावर मागे लोंबणाऱ्या टोकांवर बांधायला रिफ्लेक्टर लावलेलं लाल कापड तेव्हाच द्यायचं आणि भरलेली ट्रॉली काट्यावर आली की ते परत घ्यायचं. येत्या हंगामात एका कारखान्याने एवढं केलं, तरी शेजारच्या कारखान्याला त्याचे सभासद विचारतील, आपल्याकडे का नाही?