डिपर, डिटेक्टर आणि जॅमर

(तृतीय वर्ष, ई अँड टीसी)

मागच्या सेमिस्टरला आमच्या रूमवर एक पाहुणा आला होता. पाहुणा म्हणजे माणूस नव्हे, साबणाच्या वडीपेक्षा जरासा मोठा एक काळा डबा. रूम पार्टनरच्या अमेरिकेतल्या आतेभावाने सुट्टीत येताना आणलेला रडार डिटेक्टर. गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवायचा, लायटरच्या सॉकेटमधून पॉवर द्यायची आणि निघायचं. पुढे कुठे पोलिस स्पीड गन घेऊन उभा असेल तर हा आधीच बोंबलतो म्हणे. बातमी मेसमधल्या पनीरच्या बातमीपेक्षा लवकर पसरली. रात्री अकराला सिव्हिल आणि मेकॅनिकलची पोरंसुद्धा बघायला आली, आणि ई अँड टीसीवाला म्हणून सगळे मलाच विचारू लागले, "खरंच चालतं का बे हे?"

त्या रात्री मी तोंडाला येईल ते ठोकून दिलं. नंतर मात्र नीट बसून बघितलं, थोडे प्रयोग केले, एक चक्कर गावाकडे मारली. ते सगळं इथे लिहितो आहे.

आधी स्पीड गन कशी चालते ते बघू. रडारवाली गन मायक्रोवेव्ह सोडते. ती लहर गाडीवर आपटून परत येते. गाडी आपल्याकडे येत असेल तर परत आलेल्या लहरीची फ्रिक्वेन्सी किंचित वाढते. हाच डॉप्लर इफेक्ट, बारावीत शिट्टी वाजवणाऱ्या रेल्वेचं गणित करून आपण विसरलेला. आमच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही एचबी-१०० नावाचं एक्स बँडचं स्वस्त मोड्यूल वापरलं होतं, ते १०.५२५ गिगाहर्ट्झवर चालतं. त्यात ताशी १ किलोमीटर वेगाला साधारण साडेएकोणीस हर्ट्झचा फरक पडतो. म्हणजे ४० च्या स्पीडने येणाऱ्या बाइकला सुमारे ७८० हर्ट्झ. गंमत म्हणजे हा आकडा कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात बसतो. अँप्लिफायर आणि स्पीकर जोडला की बाइक अक्षरशः शिट्टी घालत येते! के बँडच्या गनमध्ये, म्हणजे २४.१५ गिगाहर्ट्झला, तोच फरक ताशी एका किलोमीटरला जवळपास ४५ हर्ट्झ होतो.

एका रविवारी हॉस्टेलच्या गेटवर हे मोड्यूल लावलं. वॉचमन काकांना वाटलं आम्ही मोबाइलचा टॉवर उभा करतोय. बाइक दहा-पंधरा मीटरवर आली की आमची गन स्पीड दाखवायची, त्याच्या पलीकडे तिला काही कळत नव्हतं. मग पार्टनर त्याचा डिटेक्टर बॅटरीवर चालू करून चालत लांब गेला. मेस ओलांडली, क्रिकेटचं पिच ओलांडलं, तरी त्याचा डबा 'एक्स, एक्स' करून वाजतच होता. गनला पंधरा मीटरच्या पलीकडचं दिसत नाही आणि डिटेक्टरला गन दोनशे पावलांवरून ऐकू येते, हे कसं?

इथेच या धंद्याचं सगळं इंगित आहे. लहर पुढे जाताना पसरत जाते, म्हणून तिची ताकद अंतराच्या वर्गाने कमी होते. गनला स्वतःचा प्रतिध्वनी हवा असतो, म्हणजे जाताना एकदा वर्गाने कमी आणि येताना पुन्हा वर्गाने कमी, एकूण चौथा घात. अंतर दुप्पट केलं की गनला मिळणारा सिग्नल सोळा पटीने पडतो, डिटेक्टरला मिळणारा फक्त चार पटीने. डिटेक्टर जाण्याच्या तिकिटावर काम भागवतो, गनला रिटर्न काढावं लागतं.

एवढं वाचून ऑर्डर टाकायला निघालेल्यांनी जरा थांबावं. पोलिससुद्धा हे ओळखून आहेत. गन सतत चालू ठेवायची नाही, हवी ती गाडी समोर आल्यावरच ट्रिगर दाबायचा, अशी सोय गनमध्ये फार पूर्वीपासून आहे. मग डिटेक्टर वाजतो तेव्हा तुमचाच स्पीड मोजला जात असतो. तुमच्या पुढे दुसरी एखादी गाडी मोजली जात असेल तरच तुम्हाला आगाऊ खबर लागते. शिवाय हा डबा खोटा लई वाजतो. नांदेडला एका दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या काचेच्या दारासमोरून गेलो तर 'के बँड'. कारण त्या दाराचा सेन्सर २४ गिगाहर्ट्झचाच. नव्या गाड्यांत शेजारून येणारं वाहन ओळखायला रडार असतं, त्यातही बरीच याच पट्ट्यात. एका कोऱ्या एसयूव्हीने ओव्हरटेक केलं तेव्हा आम्ही उगाच ब्रेक मारून मागच्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या.

रडारचा एक गुण मात्र ड्रायव्हरच्या बाजूचा आहे. गन रस्त्याच्या कडेला असते, म्हणून कोनाचा कोसाइन मध्ये येतो. २० अंशाचा कोन पडला तर ६० ने जाणारी गाडी ५६ दिसते. कमीच दिसते, जास्त नाही. "मशीनने मला वाढवून दाखवलं" म्हणणाऱ्यांनी किमान कोनावर तरी ढकलू नये.

आता लेझर. आपल्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर गन असते आणि तिच्यापुढे डिटेक्टरची खरी पंचाईत होते. ही गन ९०५ नॅनोमीटरच्या आसपासचे, डोळ्याला न दिसणारे प्रकाशाचे बारीक ठोके सोडते, सेकंदाला शंभराच्या वर. प्रत्येक ठोका जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजते. ३०० मीटरवरच्या गाडीपर्यंत जाऊन यायला २ मायक्रोसेकंद. ८० ने येणारी गाडी सेकंदाच्या तिसऱ्या भागात सुमारे सात मीटर जवळ येते, म्हणजे परतीचा वेळ पन्नासेक नॅनोसेकंदाने घटतो. एवढ्यावर स्पीड निघाला, विषय संपला. आणि किरण इतका बारीक की ३०० मीटरवर त्याचा ठिपका जेमतेम मीटरभर रुंद. तो नेम धरून नंबर प्लेटवर मारतात, कारण नंबर प्लेट प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकते. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) रडारसारखं आजूबाजूला काही सांडत नाही, त्यामुळे पुढच्या गाडीवरून आगाऊ खबर मिळणं जवळपास नाहीच. डिटेक्टर 'लेझर' म्हणून वाजतो तो म्हणजे पेपर सुटल्यावर हातात आलेलं टाइमटेबल.

म्हणून लोक जॅमरकडे वळले. लेझर जॅमर म्हणजे गाडीच्या पुढच्या जाळीत बसवलेले डायोड. गनचे ठोके आले की हा तसेच ठोके उलट मारतो. कल्पना करा, सर हजेरी घेताहेत, 'रोल नंबर ४२' म्हणाले आणि मागच्या बाकावरून एकदम दहा जण 'येस सर' ओरडले. सरांना ४२ आहे की नाही कळत नाही. गनचंही तसंच, खरा प्रतिध्वनी कुठला ते न कळून ती एरर दाखवते. पण सर काही कायमचे भोळे राहत नाहीत. नव्या गन ठोक्यांमधलं अंतर मुद्दाम वेडंवाकडं ठेवतात, त्यामुळे पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज जॅमरला बांधता येत नाही. आणि काही गन तर कुणीतरी जॅम करतंय हेच पडद्यावर दाखवतात. बाकावरची दहा पोरं ओरडली की सर ४२ ला सोडून त्या बाकाकडे येतात, तसं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत डिटेक्टर चालतो, पण व्हर्जिनियात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये बंदी आहे. रडार जॅमर तिथे देशभर बेकायदा आहे. जर्मनीत गाडी चालवताना डिटेक्टर वापरता येत नाही. आपल्याकडे दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं की मोबाइल, जीपीएस किंवा इतर सिग्नलचे जॅमर सरकारच्या खास परवानगीशिवाय वापरणं बेकायदा आहे. लेझर जॅमर रेडिओ नाही, प्रकाश आहे, अशी पळवाट आमच्या पार्टनरने लगेच काढली. पण सरकारी नोकराच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली गुन्हा आहे, आणि ते कलम लावायला माझ्या मते कुणाला फार विचार करावा लागणार नाही. उलट, वेग जास्त असल्याचा दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे कारला १००० ते २००० रुपये. हजाराची पावती टाळायला फौजदारी अंगावर घ्यायची, हा कुठला हिशोब?

आणखी एक मजा. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-ए हा नियम आला. कॅमेऱ्याने वेग मोजायचा असेल तर त्या पट्ट्याच्या आधी ठळक सूचना फलक लावलाच पाहिजे, असं त्यात आहे. म्हणजे सरकारच फुकटात डिटेक्टर देतंय, फक्त तो वाचावा लागतो! मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात सरासरी वेग मोजण्याचीही सोय आहे. पहिला कॅमेरा नंबर टिपतो, पुढचा पुन्हा टिपतो, मधलं अंतर भागिले वेळ. शंभरची मर्यादा असताना १० किलोमीटर ५ मिनिटांत कापले तर तुम्ही १२० ने आलात. यात डिटेक्टरने ऐकावं असं काही नाही आणि जॅमरने बुजवावं असंही काही नाही. चौथीचं गणित आहे.

आता गावाकडची चक्कर. दिवाळीच्या सुट्टीत पार्टनरला आणि त्याच्या डब्याला घेऊन मी जळकोटला गेलो. माझे मामा जळकोट-उदगीर काळी-पिवळी चालवतात, वीस-बावीस वर्षं झाली. डबा त्यांच्या जीपच्या काचेला लावला. मामांनी विचारलं, "ह्ये काय आणलास?" मी सांगितलं, पुढं पोलिस असला की वाजतंय. मामा हसले. "आमचा डिपर काय करायलाय मग?"

खरंय. आपल्या भागातला डिटेक्टर म्हणजे डिपर. समोरून येणाऱ्याने दोनदा लाइट मारली की समजायचं, पुढं पोलिस हायेत. के बँड नको, लेझर नको, खोटा कधी वाजत नाही. पार्टनरला ही आयडिया भयंकर आवडली. तो म्हणाला, "मामा, मग तुम्ही पण देता ना डिपर?" मामा म्हणाले, "दित होतो." आणि गप्प झाले.

पुढचं मला घरी आईकडून कळलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मामा संध्याकाळी उदगीरकडून रिकामे येत होते, अंधार पडायला आला होता. वाटेत समोरून उदगीरकडे निघालेली उसाची ट्रॉली गेली, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. तिच्या मागून आमच्याच गल्लीतला एक जण सायकलवर. पुढे दोन-तीन किलोमीटरवर पोलिस उभे होते. ते मागे टाकल्यावर समोरून एक कार भन्नाट येताना दिसली. मामांनी सवयीने दोनदा डिपर मारला. कारने वेग कमी केला, पोलिसांच्या पुढून शहाण्यासारखी गेली आणि नंतर वाया गेलेला वेळ भरून काढायला लागली. ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झाला होता. सायकलवाला वाचला नाही. मामा दुसऱ्या दिवशी मातीला गेले आणि तेव्हापासून पोलिसांसाठी डिपर द्यायचं त्यांनी सोडलं. आईला ते एवढंच म्हणाले होते, "ट्रॉली बी म्याच बघितली हुती. तिचा डिपर दिलो न्हाई."

हे ऐकल्यावर मी रात्री कागद घेऊन बसलो. चांगला रस्ता, चांगले टायर, ब्रेक लावायला एक सेकंद लागतो असं धरलं. ६० ने जाणारी गाडी सुमारे साडेछत्तीस मीटरमध्ये थांबते. ९० ची जवळपास ७० मीटर घेते. आणि ६० वाली जिथे पूर्ण थांबलेली असते, त्या जागी ९० वाली अजून ७७ च्या वेगात असते. मी गणित दोनदा तपासलं, कारण मला वाटलं चुकलं.

परत जाताना मामांच्याच जीपने उदगीरपर्यंत गेलो. डबा काचेला तसाच होता. वाटेत मामांनी विचारलं, "ह्याला ट्रॉली कळती का रे?" पार्टनर म्हणाला, "नाही मामा." आमच्या एचबी-१०० ला कळेल का यावर आम्ही दोघांनी पाच मिनिटं चर्चा केली. पण त्याची रेंज पंधरा मीटर, आणि ६० ला एका सेकंदात गाडी सोळा मीटरच्या वर जाते. म्हणजे वाजेपर्यंत ट्रॉली बोनेटवर. चांगलं रडार घ्यायचं तर बजेट नाही.

मग उदगीरच्या स्टँडजवळच्या एका दुकानातून लाल रिफ्लेक्टर टेपचा रोल घेतला. ही टेप आणि नंबर प्लेट यांचं काम एकच: प्रकाश जिथून आला तिथेच परत पाठवायचा. ज्या गुणामुळे लेझर गन नंबर प्लेट पकडते, त्याच गुणामुळे हेडलाइटमध्ये ट्रॉली लांबून पेटल्यासारखी दिसते. करंट नाही, सेटिंग नाही. पैसे पार्टनरने दिले, डिटेक्टर विकून वसूल करतो म्हणाला. अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही.

रोल मामांच्या जीपमध्ये सीटखाली असतो. रस्त्यात ट्रॉली उभी दिसली की ते थांबतात, फडक्याने मागची फळी पुसतात आणि दोन पट्ट्या मारतात. मागच्या फोनवर म्हणाले, रोल संपत आलाय, येताना दुसरा घेऊन ये.