क्रिएटिव्ह फिल्डच्या इंटरव्ह्यूला 'काहीही घाल, चालतं' म्हणतात, पण नेमकं काय चालतं?

मेल येतो. पोर्टफोलिओ आवडला, मंगळवारी १२ वाजता ऑफिसला या. पुढचा अर्धा तास आनंदात जातो. मग कपाट उघडलं की खरा प्रश्न समोर येतो, घालायचं काय?

बँकेची मुलाखत असती तर उत्तर ठरलेलं होतं. फिका शर्ट, गडद पँट, काळे बूट, विषय संपला. पण जाहिरात एजन्सी, अ‍ॅनिमेशन स्टुडिओ किंवा प्रॉडक्शन हाऊस म्हटलं की सिनियर सांगतात, "अरे काहीही घाल, तिथं बॉससुद्धा टीशर्टवर असतो."

साताऱ्याहून किंवा लातूरहून पहिल्या मुलाखतीसाठी मुंबईला निघालेल्या पोरापोरींची अडचण नेमकी या 'काहीही'मुळे होते. कॅम्पससाठी शिवलेले फॉर्मल घालावेत, तर तिथं आपणच वेगळे दिसू अशी भीती. टीशर्ट घालावा, तर हा सिरियस नाही असं वाटायची भीती.

तर आधी बघूया, हे 'चालतं' म्हणजे नक्की कुणाचं चालतं?

झुकरबर्गचं हुडी आणि झुकरबर्गचा सूट

मे २०१२ मध्ये फेसबुकचा आयपीओ येणार होता. गुंतवणूकदारांना भेटायला मार्क झुकरबर्ग न्यूयॉर्कला गेला तो हुडी घालून. त्यावर टीका झाली, पण त्याला फरक पडला नाही. कारण गरज गुंतवणूकदारांनाही होती.

हाच झुकरबर्ग एप्रिल २०१८ मध्ये डेटा प्रकरणात अमेरिकेच्या सिनेटसमोर उत्तरं द्यायला बसला, तेव्हा सूट आणि टायमध्ये होता. माणूस तोच, पण या वेळी प्रश्न विचारणारे दुसरे होते.

यावर एक अभ्यासही आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधल्या संशोधकांचा 'रेड स्नीकर्स इफेक्ट' नावाचा पेपर २०१४ मध्ये आला. टीशर्ट घातलेल्या, दाढी न केलेल्या प्रोफेसरला नामांकित विद्यापीठातले विद्यार्थी टायवाल्या प्रोफेसरपेक्षा वरचढ समजतात, असं त्यात दिसलं. पण एक अट होती. या माणसाला नियम माहितीये आणि तो मुद्दाम मोडतोय, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. नकळत झालंय असं वाटलं तर तो फायदा मिळत नाही.

गोम इथेच आहे. क्रिएटिव्ह डायरेक्टरचा चुरगळलेला टीशर्ट हा त्याचा आत्मविश्वास दिसतो. तोच टीशर्ट फ्रेशरच्या अंगावर निष्काळजीपणा दिसू शकतो. मोकळीक आहे, पण ती आत बसलेल्याला आधी मिळते.

मग ठरवायचं कसं?

साधा हिशोब म्हणजे, तिथले लोक रोज जे घालतात त्याच्या एक पायरी वर. कंपनीचं इन्स्टाग्राम आणि लिंक्डइन उघडा. पार्टीचे किंवा अवॉर्डचे फोटो सोडा, कामाच्या दिवसाचे बघा. सगळे टीशर्ट-जीन्सवर असतील तर तुम्ही इस्त्रीचा प्लेन शर्ट किंवा कुर्ता आणि गडद जीन्स घाला. तिथं शर्ट-ट्राउझर दिसत असेल तर जीन्स घरी ठेवा. तरीही कळलं नाही तर एचआरला सरळ विचारा. त्यात कमीपणा काही नाही.

पोस्ट कोणती, हेही बघा

एकाच एजन्सीत कॉपीरायटर आणि क्लायंट सर्व्हिसिंगवाल्याचे कपडे वेगळे असतात. क्लायंट सर्व्हिसिंगवाल्याला उद्या बँकेच्या मार्केटिंग हेडसमोर बसायचंय, त्यामुळे तिथं फॉर्मलकडे झुकलेलं बरं.

सेटवर असिस्टंट डायरेक्टर व्हायचं असेल तर दिवसभर पळायचं काम आहे, तिथं हिल्स चुकीचं चित्र उभं करतात. फॅशन डिझाईनमध्ये तर अंगावरचे कपडे हाच पोर्टफोलिओ, त्यावर प्रश्न येणारच.

न्यूज चॅनेलची स्क्रीन टेस्ट असेल तर हिरवा रंग टाळा. मागचा पडदा हिरवा असेल, तर सॉफ्टवेअर हिरवं ते सगळं काढून टाकतं, म्हणजे कुर्ताही गायब. ऑनलाइन मुलाखतीत बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यावर त्या रेघा थरथरल्यासारख्या दिसतात.

आणि मोठा लोगो असलेलं काही घालू नका. एजन्सीचा क्लायंट एका बुटाच्या ब्रँडचा आणि तुमच्या छातीवर त्याच्या स्पर्धकाचं नाव, असा सीन होऊ शकतो.

एक गोष्ट स्वतःची

पूर्ण साधं गेलं तर चालतंच. पण एखादी गोष्ट आपली असेल तर गप्पांना सुरुवात मिळते. खणाची बॅग, स्वतः पेंट केलेली टोट, आजीची कॉटनची साडी किंवा कोल्हापुरी चप्पल.

फक्त विचारलं तर दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. कोल्हापुरी घातली असेल तर २०१९ मध्ये तिला जीआय टॅग मिळाला आणि त्यात महाराष्ट्राचे ४ व कर्नाटकचे ४ जिल्हे आहेत, हे माहिती हवं. २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने तशाच चपला दाखवल्या आणि वाद का पेटला, हेही. डिझाईनच्या मुलाखतीत यावरून १० मिनिटं सहज निघतात. माहिती नसेल तर ती नुसती चप्पल राहते.

मात्र स्वतःची गोष्ट एकच ठेवा. चार झाल्या की समोरचा काम सोडून कपडेच बघत बसतो.

खर्च आणि लोकल

यासाठी नवीन खरेदीची गरज नसते. कॅम्पसचे फॉर्मलही वाया जात नाहीत. टाय काढा, बाह्या दुमडा, खाली गडद जीन्स घाला, काम झालं. कमी पडलंच तर पुण्याची हाँगकाँग लेन आणि मुंबईची फॅशन स्ट्रीट आहेच. पण नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका, चावले तर सगळं लक्ष टाचेकडे जातं.

विरार लोकलमधून उतरल्यावर लिनन कसं दिसतं हे सांगायला नको, त्यापेक्षा जाड कॉटन बरं. पावसाळ्यात पांढरी पँट आणि कॅनव्हासचे बूट टाळा. शर्ट घडी करून बॅगेत ठेवा, २० मिनिटं आधी पोहोचा आणि तिथं वॉशरूममध्ये बदला.

आता राहिला शेवटचा मुद्दा. कपडे चांगले होते म्हणून या फिल्डमध्ये कुणी नोकरी देत नाही, ती पोर्टफोलिओवरच मिळते. कपड्यांचं काम एवढंच, की आत बसल्यावर तुम्हाला त्यांचा विचार करावा लागू नये. त्यामुळे आदल्या रात्री ते घालून एकदा खुर्चीत बसून बघा. कुठं ओढत नसेल, टोचत नसेल, तर कपाट बंद करा आणि पोर्टफोलिओवरून शेवटचा हात फिरवा.