गोव्याहून लहान राज्य, पगार मात्र गावागणिक
अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड गोव्याहूनही लहान. पेडणे काय नि काणकोण काय, गोव्यात हवालदाराची वेतनश्रेणी एकच. तिथे मात्र गावाची वेस ओलांडली की पोलिसांचा पगार बदलतो. शहरं-गावं 39, आणि एक्सेटर सोडलं तर प्रत्येकाचं पोलीस खातं वेगळं. (एक्सेटरचं राज्य पोलीस बघतात.) खर्चाचा मोठा भार स्थानिक मालमत्ता करावर. पगार ठरतो युनियनशी घासाघीस करून. नाहीच जमलं तर लवादाकडे. संपाला बंदी, म्हणून ही सोय. नुसत्या मूळ पगारावर मात्र जाऊ नये. ओव्हरटाइम असतो, सेवाज्येष्ठतेचे पैसे असतात. शिवाय रस्ता खोदताना वाहतूक सांभाळायची जादा ड्यूटी, जिचे पैसे बरेचदा कंत्राटदार मोजतो.