पितळी पातेले आणि बालकाचे यकृत : इजा, पुनर्निर्मिती व प्रत्यारोपण यांचा विचार

वऱ्हाडातच नव्हे, तर महाराष्ट्राच्या अनेक भागांत कावीळ झालेल्या रुग्णाच्या गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ घालण्याची प्रथा आहे. माळ दिवसेंदिवस लांबत जाते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, अशी श्रद्धा असते. ओल्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात आणि म्हणून माळ लांबते. कावीळही बहुतेकांची उतरते, हेही खरे. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या 'अ' आणि 'ई' विषाणूंच्या काविळीत बहुसंख्य रुग्णांचे यकृत काही आठवड्यांत स्वतःच स्वतःची दुरुस्ती करते. श्रेय मात्र माळेला मिळते. ज्या थोड्या रुग्णांत यकृत झपाट्याने निकामी होते, त्यांचे मोलाचे दिवस याच प्रतीक्षेत जातात. यकृताच्या या स्वयंदुरुस्तीचे स्वरूप काय, ती कोठे थांबते आणि थांबल्यावर कोणता मार्ग उरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पुनर्निर्मितीची प्रक्रिया

सन १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला. उरलेला भाग आठवडा-दहा दिवसांत वाढून मूळ वजनाच्या जवळपास पोहोचला. कापलेले खंड पुन्हा उगवले नाहीत, तर शिल्लक खंडच आकाराने वाढले, ही यातील लक्षणीय बाब होय. पालीच्या तुटलेल्या शेपटीची उपमा येथे नेहमी दिली जाते, पण ती तंतोतंत लागू पडत नाही. एरवी क्वचितच विभाजित होणाऱ्या यकृतपेशी उरलेल्या भागावर रक्तप्रवाहाचा ताण वाढताच विभाजनास सज्ज होतात. काही रासायनिक संदेश त्यांना चालना देतात, काही थांबवतात आणि शरीराच्या गरजेइतके वजन भरून आले की वाढ थांबते. वाढायचे केव्हा आणि थांबायचे केव्हा, या दोन्ही गोष्टी यकृताला साधतात.

मात्र इजा एकदाच न होता वर्षानुवर्षे होत राहिली, तर चित्र पालटते. मद्य, 'ब' आणि 'क' विषाणू, यकृतातील मेद किंवा साठलेला धातू यांपैकी कारण कोणतेही असो, यकृतातील तारकाकृती पेशी सक्रिय होऊन तंतुमय ऊती निर्माण करू लागतात. जखमेवर व्रण धरावा, तसे हे तंतू सर्व यकृतभर पसरतात. त्यांच्या जाळ्यात वाढू पाहणाऱ्या पेशींच्या गाठी बनतात, रक्ताचा मार्ग अडतो, पोटात पाणी साठते. हाच सिरोसिस होय.

पुण्यातील संशोधन

इजा आणि पुनर्निर्मिती यांचा हा झगडा समजून घेण्यासाठी महाराष्ट्रात घडलेल्या एका संशोधनाइतके उद्बोधक उदाहरण क्वचितच सापडेल. 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' या नावाने ओळखला जाणारा बालकांचा विकार सन १८८७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी प्रथम नोंदविला. साधारणतः एक ते तीन वर्षे वयाच्या बालकाचे पोट फुगे, यकृत कठीण होई आणि काही महिन्यांत मृत्यू ओढवे. एकाच घरातील दोन-तीन भावंडे दगावत असल्यामुळे दोष आनुवंशिक असावा, असे अनेकांस वाटे. विषाणू आणि बुरशीचे विष यांवरही संशय घेतला गेला. सूक्ष्मदर्शकाखाली या यकृतांत एक वेगळेपण दिसे. तंतू प्रत्येक पेशीभोवती वेढलेले असत, पण नव्या पेशींच्या गाठी जवळजवळ नसत. याचा अर्थ, ज्या अवयवाची पुनर्निर्मितीची शक्ती सर्वाधिक, त्याची तीच शक्ती येथे खुंटलेली होती.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि त्यांचे सहकारी तसेच इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या प्रश्नाचा पाठपुरावा केला. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क वजनात तांबे सामान्यतः ५० मायक्रोग्रॅमहून कमी असते. या बालकांत ते अनेकदा ८०० च्या वर आढळले. इतके तांबे आले कोठून? उत्तर स्वयंपाकघरात सापडले. अंगावरचे दूध लवकर बंद करून किंवा त्याच्या जोडीला बालकांना गाई-म्हशीचे दूध दिले जाई आणि ते तापवून ठेवले जाई पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते, म्हणून त्याच भांड्यातील पाण्यापेक्षा दुधात तांबे कितीतरी अधिक उतरते. प्रौढाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बालकात ही यंत्रणा पुरती विकसित झालेली नसते.

ज्या पिढीने स्वयंपाकघरात पितळी पातेली पाहिली, तिला कल्हईवाल्याची आरोळीही आठवत असेल. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो शाबूत असेतो दूध आणि तांबे यांची गाठ पडत नाही. झिजलेली कल्हई वेळेवर न करण्यामागे आळसापेक्षा पैशाची चणचणच अधिक असावी.

हा निष्कर्ष निर्विवाद ठरला, असे मात्र नाही. पितळी भांडी वापरणाऱ्या असंख्य घरांतील मुले निरोगी राहिली. उलट काही रुग्णांच्या घरी अशा भांड्यांचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे एखादा आनुवंशिक कमकुवतपणा आणि जादा तांबे यांचा संयोग घडत असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताचा अनुभवही हेच सुचवितो. तेथे सन १९०० ते १९७४ या काळात अशाच विकाराने १३८ बालके दगावली. त्यांचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तयार केले जाई. भांडी बदलली आणि विकार नाहीसा झाला. भारतातही स्टीलची भांडी रुळल्यानंतर हा विकार दुर्मीळ झाला आहे.

शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध लवकर सुरू केल्यास काही मुले वाचतात, हेही याच गटाने दाखविले. सन १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घकालीन अभ्यासात वाचलेल्या काही मुलांचे यकृत सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पूर्ववत झालेले आढळले. इजेचे कारण दूर झाले की तंतूही विरघळू शकतात आणि खुंटलेली पुनर्निर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

अलीकडे तांब्या-पितळेची भांडी आरोग्याच्या नावाखाली पुन्हा घरांत येत आहेत. प्रौढांनी तांब्याच्या भांड्यातील पाणी पिणे ही एक गोष्ट आणि तान्ह्या बालकाचे दूध बिनकल्हईच्या पातेल्यात तापविणे ही अगदी दुसरी. कल्हई करणारे कारागीर तर आता शोधूनही सापडत नाहीत.

प्रत्यारोपण आणि वऱ्हाड

दुरुस्तीची शक्ती संपली की प्रत्यारोपण हाच उपाय उरतो. अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी सन १९६३ मध्ये पहिला प्रयत्न केला. यश आले ते १९६७ मध्ये. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानंतर, सन १९९८ मध्ये दिल्ली येथे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. त्यात पित्याच्या यकृताचा भाग त्याच्या लहान मुलाला देण्यात आला. जिवंत दात्याचे यकृत देता येते, ते पुनर्निर्मितीच्या गुणामुळेच. प्रौढ दाता अर्ध्याहून अधिक यकृत देऊ शकतो. त्याचे उरलेले आणि रुग्णाला मिळालेले, असे दोन्ही भाग काही महिन्यांत वाढतात.

अमरावती व अकोला येथील रुग्णांना यासाठी नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप विदर्भात नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीमार्फत होते. शीत द्रावणात यकृत सुमारे बारा तास टिकते. अकोला ते नागपूर हे अंतर सुमारे २५० कि. मी. आहे. म्हणजे अडचण रस्त्याची नाही. अतिदक्षता विभागातील रुग्ण मेंदूमृत झाल्याचे ओळखणे, कायद्यानुसार तसे दोनदा तपासून घोषित करणे आणि नातेवाइकांशी त्याच वेळी बोलणे, या टप्प्यांवर प्रक्रिया अडखळते. सन २०११ च्या दुरुस्तीने नातेवाइकांना अवयवदानाविषयी विचारणे हे नोंदणीकृत रुग्णालयांचे कर्तव्य ठरविले आहे. विचारणारा प्रशिक्षित समन्वयक हजर असेल, तरच ते कर्तव्य पार पडते.