खेळातील नाव, रूप आणि आवाज

एखादे नाव एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर कसे सरकते, हे दाखविण्यासाठी भाषाभ्यासक सामान्यतः ग्रामनामांची उदाहरणे घेतात. प्रस्तुत लेखात निराळे उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे 1999 मध्ये प्लेस्टेशन या यंत्रासाठी निघालेला ‘वू-तांग : शाओलिन स्टाइल’ हा द्वंद्वयुद्धाचा व्हिडिओ गेम. त्यातील योद्धे न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधून पुढे आलेल्या ‘वू-तांग क्लॅन’ या रॅप गायकवृंदातील नऊ गायकांच्या प्रतिकृती होत. एका वेळी चार जणांना त्यात झुंजता येते.

प्रथम नावाचा विचार करू. वूदांग हा चीनच्या हूबेई प्रांतातील पर्वत. तो ताओपंथीयांचे क्षेत्र असून एका युद्धकलापरंपरेशी त्याचे नाव जोडले गेले आहे. शाओलिन हा हेनान प्रांतातील बौद्ध विहार. बातुओ या भारतीय भिक्षूसाठी तो इ.स. 495 मध्ये बांधला गेला, असे सांगतात. हाँगकाँगच्या चित्रपटांनी ही दोन्ही नावे जगभर पोहोचविली. ते चित्रपट आवडीने पाहणाऱ्या न्यूयॉर्कच्या तरुणांनी आपल्या वृंदाला ‘वू-तांग’ व आपल्या बेटाला ‘शाओलिन’ म्हणावयास आरंभ केला. 1993 च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातील ‘36 चेंबर्स’ हे शब्दही 1978 च्या एका शाओलिनविषयक चित्रपटाची आठवण देतात. पर्वत, युद्धपरंपरा, चित्रपट, गायकवृंद आणि अखेर खेळ असा हा प्रवास आहे. आपले साहित्यशास्त्र ज्या व्यापाराला लक्षणा म्हणते, तोच येथे पायरीपायरीने घडला आहे.

उच्चाराच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चिनी नावातील दुसऱ्या अक्षराचा आरंभीचा वर्ण अघोष व अल्पप्राण आहे. जुन्या वेड-जाइल्स रोमन लेखनपद्धतीत तो ‘टी’ने, तर आजच्या पिनयिन पद्धतीत ‘डी’ने दाखवितात. इंग्रजी भाषक अशा जागी ‘टी’चा उच्चार महाप्राण करतो आणि ‘डी’ला बहुधा घोष मानतो, म्हणून दोन्ही लेखनांत मूळ ध्वनी त्याच्या हातून निसटतो. मराठीत त, थ, द, ध हे चारही वर्ण भिन्न असल्याने ‘वू-तांग’ हे लेखन मूळ उच्चाराच्या अधिक जवळ जाते. आपण ‘टँग’ लिहितो, तेव्हा चिनी नावाचे नव्हे, तर त्याच्या इंग्रजी रूपाचे अनुकरण करीत असतो.

आता रूपाकडे वळू. या खेळाची यंत्रणा मुळात त्याच्यासाठी रचलेली नव्हती. ‘थ्रिल किल’ नावाचा दुसरा एक खेळ 1998 मध्ये प्रसिद्ध होण्यापूर्वीच रद्द झाला; त्याची यंत्रणा येथे वापरली गेली. म्हणजे सांगाडा आधीचा, त्यावर गायकांची सोंगे चढविली, असे म्हणावयास हरकत नाही. नांदेडला होला मोहल्ल्याच्या वेळी गतका खेळणाऱ्याचे कौशल्य त्याच्या देहापासून वेगळे काढता येत नाही. व्हिडिओ गेममध्ये मात्र नाव, चेहरा, हालचाल व आवाज हे घटक सुटे होतात आणि पुन्हा हवे तसे जुळविता येतात. त्या नऊ गायकांपैकी एक 2004 मध्ये निवर्तला. खेळातील त्याची प्रतिकृती मात्र अद्याप झुंजू शकते.

हे घटक सुटे होऊ लागले की त्यांवर स्वामित्व कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. वू-तांगच्या गायकांचा या खेळाशी उघड संबंध होता. परंतु संमतीवाचून हेच घडले तर? गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अंतरिम आदेश दिला. त्यात नाव, आवाज, गायनाची लकब व प्रतिमा यांना संरक्षण मिळाले. सप्टेंबर 2025 मध्ये गायिका आशा भोसले यांच्या प्रकरणीही त्याच न्यायालयाने तशाच स्वरूपाचे संरक्षण दिले. आवाज हा व्यक्तीचा अंश होय, हे तत्त्व यातून मान्य झाले.

हा प्रश्न केवळ नामवंत गायकांचा आहे, असे मात्र समजू नये. मुदखेडसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावी मराठी, तेलुगू, दखनी व हिंदी एकाच फलाटावर ऐकू येतात. बोलींचे नमुने ध्वनिमुद्रित करण्यास असे ठिकाण आम्हा भाषाभ्यासकांना सोयीचे वाटते. ओवी म्हणणारी एखादी वृद्धा आपला आवाज विश्वासाने आमच्या स्वाधीन करते. आजची यंत्रे अल्पशा ध्वनिमुद्रणावरून त्या आवाजात तिने कधीही न उच्चारलेली वाक्ये वदवू शकतात. तिच्यापाशी वकील नाही आणि न्यायालयात जाण्याचे बळही नाही. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वी त्याचा उपयोग कोठे व कशासाठी होणार, हे तिच्याच बोलीत तिला समजावून सांगावे, तिची संमती नोंदवावी आणि तिने नकार दिल्यास तो मानावा. न्यायालयाने गायकांना जे दिले, ते अभ्यासकाने आपल्या निवेदकाला आपण होऊन दिले पाहिजे.